बँकॉकची चाचणी आणि कियातिसुकची पूर्ण कारकीर्द

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र काळजीपूर्वक वाचले. मुलगा सतरा वर्षांचा असून बारावीत आहे, कोल्हापुरात तालमीच्या संघाकडून स्ट्रायकर म्हणून खेळतो, आणि एका मध्यस्थाने आगाऊ रक्कम घेऊन बँकॉकमधील क्लबची चाचणी मिळवून देण्याचे आश्वासन दिल्यापासून शिक्षण सोडून तिकडे जाण्याचा हट्ट धरून बसला आहे, असे आपण कळवले आहे. थायलंडचा निवृत्त स्ट्रायकर कियातिसुक सेनामुआंग हा त्याचा आदर्श आहे आणि ‘तोही बाहेरच्या देशांत खेळला’ या त्याच्या म्हणण्यावर आपल्याला उत्तर सुचत नाही. माझ्या मते मुलाने आदर्श उत्तम निवडला आहे. आपण दोघांनी ती कारकीर्द एकत्र बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहावी, एवढीच माझी विनंती आहे.

कियातिसुकचा जन्म 1973 मध्ये ईशान्य थायलंडमधील उदोन थानी येथे झाला. देशासाठी सुमारे 70 गोल करणाऱ्या या खेळाडूला त्याचे चाहते ‘झिको’ म्हणतात. 1993, 1995 आणि 1997 या तिन्ही आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धांत त्याने सुवर्णपदक मिळवले, 1996 मध्ये थायलंडने आग्नेय आशियाई देशांचा टायगर चषक जिंकला तेव्हा तो संघात होता, आणि 1998 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला उपांत्यपूर्व फेरीत हरवणाऱ्या संघाचा पहिला गोल त्याचाच होता. इंग्लंडच्या हडर्सफील्ड टाउन या क्लबने त्याला 1999 मध्ये करारबद्ध केले, ते हे सगळे घडून गेल्यावर. त्या वर्षी तो 26 वर्षांचा झाला.

इंग्लंडमध्ये त्याला मुख्य संघाकडून एकही सामना खेळायला मिळाला नाही. हा भाग मुलाने नीट समजून घ्यावा, असे मला मनापासून वाटते. आपल्या देशाचा अव्वल स्ट्रायकर, आंतरराष्ट्रीय अनुभव असलेला, रीतसर करार हातात असलेला, आणि तरीही मैदानात उतरण्याची संधी नाही. पुढे तो सिंगापूरच्या क्लबकडून खेळला आणि 2002 मध्ये व्हिएतनामच्या डोंगराळ प्रदेशातील प्लेकू येथील होआंग आन्ह जिया लाय या क्लबकडे गेला. इंग्लंडच्या मानाने हे नाव कुणाच्या फारसे ऐकण्यातले नव्हते. पण तेथे तो नियमित खेळला आणि 2003 व 2004 अशी लागोपाठ दोन वर्षे त्या क्लबने राष्ट्रीय लीगचे विजेतेपद मिळवले. त्यामुळे कुठलाही प्रस्ताव आला की क्लब कोणत्या देशातला आहे यापेक्षा तेथे मुलाला प्रत्यक्ष किती सामने खेळायला मिळतील, हे आधी विचारावे.

निवृत्तीनंतरची वर्षेही तितकीच महत्त्वाची आहेत. प्रशिक्षणाची सुरुवात त्याने व्हिएतनाममधील त्याच क्लबपासून केली आणि नंतर थायलंडच्या 23 वर्षांखालील संघाला 2013 मध्ये आग्नेय आशियाई सुवर्णपदक मिळवून दिले. मुख्य संघाचा प्रशिक्षक म्हणून 2014 आणि 2016 मध्ये त्याने तोच आग्नेय आशियाई चषक (पूर्वीचा टायगर चषक) जिंकला, जो खेळाडू म्हणून तीनदा जिंकला होता. विश्वचषक पात्रतेच्या अंतिम टप्प्यातील पराभवांनंतर, मार्च 2017 मध्ये, त्याने पद सोडले. पुढे मात्र तो व्हिएतनाममध्ये पुन्हा प्रशिक्षक झाला. पायातला वेग ओसरल्यावरही त्याचे काम चालू राहिले, कारण त्याने खेळ शिकवण्याची विद्या वेगळी कमावली. आपल्याकडेही अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ‘डी’ परवान्यापासून प्रशिक्षकाची वाट सुरू होते, आणि बारावी व पदवी पूर्ण असेल तर महाराष्ट्र शासनाच्या सेवेतील खेळाडूंसाठी राखीव 5 टक्के जागांचा, तसेच शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमांचा पर्यायही खुला राहतो. अभ्यास सोडल्यास यातले बरेचसे दरवाजे आपणच बंद करू.

आता मध्यस्थाविषयी. फिफाच्या नियमांनुसार अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या खेळाडूची परदेशी क्लबमध्ये नोंदणी करता येत नाही. पालक फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणासाठी त्या देशात राहायला गेले असतील, असे काही मोजके अपवाद आहेत; ते आपल्याला लागू होत नाहीत. म्हणजे आज चाचणी कितीही चांगली झाली तरी मुलगा तेथे अधिकृत सामना खेळू शकणार नाही, आणि पर्यटक व्हिसावर राहून व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करणे तर बेकायदेशीरच ठरेल. शिवाय थाई लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या जागा मर्यादित असून आग्नेय आशियाई देशांतील खेळाडूंना मिळणारी वेगळी सवलत भारतीयांना मिळत नाही, त्यामुळे त्याला तेथे ब्राझील वा आफ्रिकेतून आलेल्या अनुभवी स्ट्रायकरांशी स्पर्धा करावी लागेल. इतके असूनही कोणी आगाऊ पैसे मागत असेल, तर ते कृपया देऊ नयेत.

त्या मध्यस्थाकडे फिफाचा परवाना आहे का, हे फिफाने प्रसिद्ध केलेल्या परवानाधारकांच्या यादीत आपण स्वतः तपासावे, आणि चाचणीचे निमंत्रण क्लबच्या अधिकृत पत्त्यावरून लेखी मागवावे. दरम्यान मुलाने बारावीची परीक्षा द्यावी, हंगामात शाहू स्टेडियमवर जितके सामने मिळतील तितके खेळावेत, आणि राज्य संघाच्या निवड चाचण्यांना तसेच भारतीय क्लबांच्या युवा संघांच्या निवडीला अवश्य जावे. अठरा पूर्ण झाल्यावर बाहेरचा लेखी प्रस्ताव आला, तर तो घेऊन दोघेही मला भेटा. करारातील मुदत, वेतन, विमा आणि दुखापतीच्या काळातील खर्च ही कलमे आपण एकत्र वाचू.

आपला,
करिअर मार्गदर्शक