वाचकांची पत्रं : दुसरा अल्बम, बेस आणि आजोबांचा ठेका

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही विक्रोळीतले चार जण, कॉलेजपासून ग्रुप आहे, मराठी-हिंदी मिक्स रॅप करतो. पहिला अल्बम घरीच रेकॉर्ड केला, एरियात आणि कॉलेजात बऱ्यापैकी चालला. आता दुसरा करतोय तर रोज भांडणं. बीट बनवणारा म्हणतो यावेळी सगळं मोठं पाहिजे, व्हायोलिन टाकू, कोरस टाकू. आणि आमच्यातला एक जण लिहितो भारी, पण पहिल्या अल्बममध्ये त्याला दोनच व्हर्स मिळाले, तो आता प्रॅक्टिसलाच येत नाही. काय करू?
— एक वाचक, विक्रोळी

उत्तर : तुझं पत्र वाचलं आणि आधी ए ट्राइब कॉल्ड क्वेस्टचा 'द लो एंड थिअरी' लावला, कारण तुमच्या दोन्ही भांडणांचं उत्तर त्यात आहे असं मला मनापासून वाटतं. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला हा रॅप ग्रुप, त्यातले क्यू-टिप आणि फाइफ डॉग तर लहानपणापासूनचे दोस्त. त्यांचा पहिला अल्बम १९९० ला आला, रंगीबेरंगी, मजेमजेचा, एका गाण्यात तर सतारसुद्धा वाजते. लोकांना आवडला. मग २४ सप्टेंबर १९९१ ला दुसरा आला आणि त्यात त्यांनी काय केलं माहितीय का, सामान वाढवलं नाही, काढून टाकलं. ड्रम, बेस म्हणजे तो खालचा जाड सूर, दोन आवाज आणि जॅझचे थोडे तुकडे, एवढंच. पहिलंच गाणं 'एक्सकर्शन्स' ऐक. सुरुवातीला नुसता बेस, त्यावर क्यू-टिप बोलायला लागतो, हिप हॉप ऐकून त्याच्या वडिलांना बीबॉप, म्हणजे जुन्या जॅझचा एक प्रकार, आठवायचा ते सांगतो आणि ड्रम नंतर येतात. ते ड्रम पडतात ना तेव्हा आजही माझ्या अंगावर काटा येतो, आणि तो येतो कारण आधी जागा रिकामी ठेवलेली असते.

आता तुझ्या रुसलेल्या मित्राबद्दल. फाइफ पहिल्या अल्बममध्ये मोजक्याच गाण्यांत होता. त्याच सुमारास त्याला डायबेटिस निघाला, ग्रुपमधला जरोबी स्वयंपाकाचं शिकायला निघून गेला, म्हणजे ग्रुप पांगायला कारणं भरपूर होती. पण दुसऱ्या अल्बममध्ये 'बगिन आउट' सुरू होतं तेच फाइफच्या आवाजात, आणि 'बटर' तर पूर्ण त्याचं एकट्याचं आहे. क्यू-टिप हळू, विचार करत बोलल्यासारखा, फाइफ चढ्या आवाजात, नाक्यावर उभं राहून टोलवल्यासारखा. दोघांची ती देवाणघेवाण नसती तर हा अल्बम एवढा टिकलाच नसता. फाइफ २०१६ ला गेला, अवघा ४५ वर्षांचा होता, आणि त्याच्या बातमीखाली जगभरातल्या लोकांनी त्याच्या ओळी लिहिल्या होत्या.

म्हणून सांगते, आजच त्या मित्राच्या घरी जा. फोन नको, घरी जा. त्याला सांग की एक गाणं पूर्ण तुझं. आणि बीटवाल्याला म्हण, बेस आणि ड्रम सोडून बाकी सगळं म्यूट कर, त्यावर या मित्राला बोलू दे. गाणं उभं राहिलं तर मग घाला व्हायोलिन. नाही राहिलं तर व्हायोलिनने पण उभं राहणार नाही रे.

प्रश्न : मी ७२ वर्षांचा आहे, आमच्या भजनी मंडळात तबल्यावर असतो. नातू हे अमेरिकन रॅप दिवसभर लावतो. तोच तो तुकडा फिरत राहतो आणि वर कोणीतरी बोलतं. यात संगीत कुठे आहे, हे मी खरंच समजून घ्यायला विचारतोय.
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : काका, तुम्ही विचारलंत याचाच मला आनंद झाला. तुम्ही भजनी ठेका धरता तेव्हा तोही फिरतच असतो ना, आठ मात्रा, पुन्हा आठ मात्रा, आणि गंमत असते ती बुवा त्यावर शब्द कसे टाकतात, कुठे मागे रेंगाळून समेवर येतात त्यात. इथेही तेच आहे. वर ज्या 'एक्सकर्शन्स'बद्दल लिहिलंय त्यातला बेस आर्ट ब्लेकीच्या एका जॅझ रचनेतून घेतलाय, ब्लेकी स्वतः ड्रमवादक, म्हणजे तुमच्याच बिरादरीतला. मूळ रचना तिनाच्या चालीत आहे आणि या पोरांनी तो तुकडा चाराच्या चालीत बसवला. दादऱ्यातलं केरव्यात आणायचं आणि तरी झोका तोच ठेवायचा, हे किती अवघड आहे ते तुम्हाला मी काय सांगणार. शिवाय याच अल्बममध्ये 'व्हर्सेस फ्रॉम द ॲब्स्ट्रॅक्ट' नावाचं गाणं आहे, त्यात रॉन कार्टर स्वतः डबल बेस वाजवतात, जे साठच्या दशकात जॅझचा मोठा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या साथीला होते. एवढा मोठा माणूस विशी-एकविशीतल्या पोरांच्या रेकॉर्डिंगला आला. नातवाला हे गाणं लावायला सांगा आणि मांडीवर टाळी-खाली धरून बसा. मला पुढे काय झालं ते जरूर कळवा.

प्रश्न : जुन्या मराठी गाण्याचा चार सेकंदांचा तुकडा बीटमध्ये घेतला तर चालतं ना? मित्र म्हणतो सहा सेकंदांपर्यंत फ्री असतं.
— एक वाचक, परळ

उत्तर : नाही, असा काही सेकंदांचा नियम कायद्यात नाहीये, हे कोणीतरी कोणालातरी सांगितलं आणि पसरलं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात रेकॉर्डिंगला ६० वर्षं संरक्षण आहे, ते प्रकाशित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून मोजायचं. शब्द आणि चालीला गीतकार, संगीतकाराच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं. म्हणजे तुकोबांचा अभंग सगळ्यांचा, पण तो कोणी गायलेली रेकॉर्ड सगळ्यांची नाही, आणि संगीतकाराने दिलेली चालही नाही. आईला किंवा शेजारच्या काकूंना पारंपरिक ओवी गायला सांग, ते स्वतः रेकॉर्ड कर, त्यावर बीट बांध, ते तुझं.

आणि हे मी का एवढं तळमळीने सांगते, तर डे ला सोल या अमेरिकेतल्या तिघांच्या रॅप ग्रुपमुळे. १९८९ च्या पहिल्या अल्बममध्ये त्यांनी द टर्टल्सच्या जुन्या गाण्याचा तुकडा न विचारता वापरला, खटला झाला आणि पैसे देऊन मिटवावा लागला. १९९१ ला दुसरा अल्बम आला त्याचं नावच 'डे ला सोल इज डेड', कव्हरवर डेझीच्या फुलांची कुंडी फुटून पडलेली. पुढे सॅम्पलच्या, म्हणजे अशा उचललेल्या तुकड्यांच्या, परवानग्यांचा घोळ इतकी वर्षं चालला की त्यांचे ते सुरुवातीचे अल्बम स्ट्रीमिंगवर यायला मार्च २०२३ उजाडला. तिघांतला ट्रुगॉय त्याच्या तीनच आठवडे आधी गेला. एवढी वर्षं वाट बघून तो दिवस त्याला दिसला नाही. तुझ्या गाण्याचं असं होऊ नये एवढंच.

प्रश्न : 'लो एंड थिअरी' मोबाईलच्या स्पीकरवर ऐकला, एवढं काय आहे त्यात?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : मोबाईलच्या स्पीकरमधून हा बेस निघतच नाही, म्हणजे तू अर्धाच अल्बम ऐकलास. मी पहिल्यांदा नीट ऐकला तो चाळीतल्या आमच्या खोलीत, भावाने कुठूनतरी दोन मोठे स्पीकर आणले होते, आणि 'एक्सकर्शन्स'चा बेस सुरू झाला तशी फळीवरची स्टीलची ताटं एकमेकांना लागून किणकिणायला लागली. आई पोळ्या लाटत होती, तिने लाटणं हातात तसंच धरून ताटांकडे बघितलं आणि म्हणाली, बंद करू नकोस, फक्त ताटं खाली काढ. हेडफोन घे कोणाचे तरी आणि पुन्हा लाव.