डाग पलंगावर, भोक भलतीकडेच: कॅम्परमधली गळती

तुमचा प्रश्न वाचला आणि चार वर्षांपूर्वीची माझी गाडी डोळ्यांसमोर आली. तुम्ही लिहिलंय: जुन्या मिनीबसवर बांधलेली कॅम्पर, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय केलेली गाडी, गगनबावड्याला दोन मुक्काम, परत आल्यावर कुबट वास, मागच्या डाव्या कोपऱ्यात पलंगावर तपकिरी डाग आणि दाराजवळचं प्लाय पायाखाली दबतंय. गॅरेजवाल्याने मागच्या काचेभोवती सिलिकॉन फिरवायला सांगितलंय. आणि तुम्ही विचारताय की एवढ्या पावसात हे वाळवायचं कसं. सिलिकॉनची ट्यूब आधी बाजूला ठेवा, हे कळकळीने सांगतो. मी नेमकं तेच केलं होतं आणि त्यात एक अख्खा पावसाळा गेला. काच बाहेरून बंद झाली, पाणी येतच राहिलं आणि आतलं प्लाय कुजलं.

गावी आमचं कौलारू घर होतं. आत कुठे टपकायला लागलं की वडील टपकणाऱ्या जागेच्या बरोबर वर कधीच शोधायचे नाहीत. माळ्यावर चढायचे, बॅटरी घेऊन वाशावरचा ओला माग धरत वर वर जायचे. फुटलेलं कौल दोन-तीन हात वर, कधी पार आढ्याजवळ सापडायचं. गाडीत वाशाच्या जागी छताच्या पत्र्याखालच्या पट्ट्या असतात. माझ्या गाडीत डाग मागे डावीकडे होता आणि भोक होतं छतावरच्या सोलर पॅनेलच्या पुढच्या उजव्या ब्रॅकेटच्या (आधाराच्या) स्क्रूखाली. आमच्या अंगणाला उतार आहे, गाडी नाक वर करून उभी राहते. त्यामुळे पाणी पट्टीवरून सरळ मागे वाहत यायचं. म्हणून पहिला प्रश्न हाच की तुमची गाडी एरवी कोणत्या बाजूला कलती उभी असते? डागापासून चढाच्या दिशेने शोधायला सुरुवात करा.

दुसरा प्रश्न, ओल गाडी उभी असताना वाढते की चालवल्यावर? उभी असताना वाढत असेल तर छत बघा. फक्त करूळ किंवा भुईबावडा घाटातून पावसात आल्यावरच वाढत असेल तर पुढच्या काचेचे आणि छताच्या पुढच्या कडेचे सांधे बघा, तिथे वारा पाणी आत रेटतो. दाराजवळचं दबलेलं प्लाय मात्र मला वेगळंच प्रकरण वाटतं. चाकाने उडवलेलं पाणी खालून पाइप-वायरींच्या भोकांतून वर येतं आणि जमिनीवर अंथरलेल्या व्हिनाइलच्या (प्लास्टिकच्या आच्छादनाच्या) खाली अडकून बसतं. व्हिनाइलमुळे ते वर दिसत नाही आणि सुकतही नाही. डाग दोन असले तर वाटा दोन असू शकतात. एक सापडली म्हणून शोध थांबवू नका.

छतावर चढण्याआधी पाऊस सोडून पाण्याचे बाकी मार्ग तपासा. सगळे नळ बंद करा, पाण्याचा पंप चालू ठेवा आणि रात्री शांतपणे ऐका. पंप मधूनच दोन सेकंद वाजत असेल तर पाइपच्या जोडात गळती असू शकते, तिचा छताशी संबंध नाही. स्वयंपाकाचंही तसंच. एक किलो गॅस जळला की साधारण दीड लिटर पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं. पावसात खिडक्या लावून दोन वेळचा स्वयंपाक केला, चार माणसं आत झोपली, तर सकाळी पत्र्याच्या थंड पट्ट्यांवर दव धरणारच. ते दव गादीखाली आणि कपाटांच्या मागे सारखं पसरतं. गळतीचा डाग एका जागी असतो आणि त्याला तपकिरी कडा असते.

आता खरी तपासणी. दोन पिनांचा मॉइश्चर मीटर, म्हणजे लाकडातली ओल मोजणारा मीटर घ्या, यात काटकसर करू नका. आधी जी जागा नक्की कोरडी आहे, म्हणजे मधल्या कपाटाची आतली बाजू, तिथलं माप घ्या आणि बाकीची मापं त्याच्याशी ताडून बघा. १५ टक्क्यांच्या आत असेल तर चिंता नको. २० च्या वर गेलं की बुरशीला वाव मिळतो. पिनांखाली फॉइल किंवा पत्रा असला तर मीटर फसवा आकडा दाखवतो. भिंतीवर हातभर अंतराने खडूने आकडे लिहीत जा. आकडे ज्या दिशेने चढत जातात त्या दिशेला पाण्याची वाट असते.

मग पाइपने पाणी मारून बघा. प्रेशर वॉशर अजिबात नको, तो चांगल्या सांध्यातूनही पाणी आत घालतो. एकजण आत बॅटरी घेऊन, आतली झाकणपट्टी उघडून बसतो, दुसरा बाहेरून हलकी धार सोडतो. सुरुवात खालून: आधी मागचे दिवे, मग खिडकीची खालची कड, वरची कड, आणि छत सगळ्यात शेवटी. प्रत्येक सांध्याला दहा मिनिटं द्या. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. एवढं करून सापडलं नाही तर उलट रीत वापरा. खिडक्या-व्हेंट टेपने बंद करा, एका फटीतून ब्लोअरने आत हवा भरा आणि बाहेर सांध्यांवर साबणाचं पाणी ब्रशने लावा. जिथे बुडबुडे फुगतात तिथे भोक. पंक्चर काढणारा ट्यूब पाण्यात बुडवतो, तसंच. माझा स्क्रू असाच सापडला, पाण्याच्या धारेने दोनदा हुलकावणी दिल्यावर.

वाळवण्याचं सविस्तर लिहितो, कारण कोल्हापुरात लोक इथेच चुकतात. 'ऊन पडलं की दारं-खिडक्या उघडी टाका' हा सल्ला मार्चमध्ये बरोबर आहे. जुलैत आपल्याकडे हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते आणि अशा हवेत लाकूड महिनाभर ठेवलं तरी २० टक्क्यांच्या आसपासच अडकतं. उघड्या खिडकीतून कोरडेपणा येत नाही, ओलच येते. म्हणून आत्ता उलटं करायचं. गाडी छपराखाली घ्या. छप्पर नसेल तर ताडपत्री बांधा, पण पत्र्याला चिकटवून नको, मध्ये हवा खेळू द्या. सगळं घट्ट बंद करून आत डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून घेणारं मशीन) लावा, सोबत एक पंखा. मशीनची नळी सिंकमधून बाहेर सोडा. गाद्या घरात न्या, कपाटांची दारं उघडी ठेवा. ओल्या जागेवरची झाकणपट्टी, सीलिंगचं प्लाय, आतला ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापूस) किंवा फोम काढाच. सनमायका किंवा व्हिनाइल लावलेल्या बाजूने ओल बाहेर पडत नाही, मशीन कितीही चालवा. भिजलेला ग्लासवूल परत वापरू नका. हीटगनचा (गरम हवा मारणाऱ्या यंत्राचा) मोह टाळा. वरचा थर तापून सुटतो आणि आतला ओलाच राहतो.

हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, सोलरचा फ्यूजही काढा. तो राहिला तर उन्हात वायर जिवंतच असते. बुरशी कोरडी झाडू नका, मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा.

वेळ लागतो. माझ्या सीलिंगचं प्लाय २८ वरून १४ वर यायला तीन आठवडे लागले. मशीनमधून पाणी येणं कमी झालं म्हणून घाई करू नका, मीटर तीन दिवस सलग तोच आकडा दाखवेपर्यंत थांबा. मशीन मिळालंच नाही तर भोक तात्पुरतं टेपने बंद करून आतली पॅनेल उघडीच ठेवा आणि ऑक्टोबरच्या उन्हाची वाट बघा. गाडी दोन महिने उघडीवाघडी दिसेल, पण ओलीवर प्लाय ठोकून बंद करण्यापेक्षा ते शंभरपट चांगलं.

दाराजवळच्या प्लायमध्ये स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर त्याचे थर सुटलेत, सुकवून ते परत जुळत नाहीत. कडक लाकूड लागेपर्यंत, आणि त्यापुढे वीतभर, कापा. नवीन टाकताना आयएस ७१० (भारतीय मानक) शिक्क्याचं मरीन प्लाय घ्या. खालचा पत्रा गंजला असेल तर घासून प्रायमर मारायची संधी हीच आहे, कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे काम नीट करणारे हात आहेत.

सांधा बंद करणं त्यामानाने सोपं. जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडा, कारण त्यावर नवीन काहीच धरत नाही, रंगसुद्धा. ब्रॅकेट काढा, पत्रा स्वच्छ करा, खाली बुटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), स्क्रू हळूहळू आवळा. चार दिवसांनी परत एकदा आवळा, कारण टेप दबते. स्क्रूच्या डोक्यांवर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. इथून पुढे दर मे महिन्यात, मृगाच्या आधी, छतावर चढून हे सगळे सांधे बघत जा. गावाकडे घर शाकारतात त्याच दिवसांत.

मी रंकाळ्याच्या बाजूला राहतो. माझा मीटर आणि ब्लोअर रविवारी मोकळे आहेत, गाडी घेऊन या. फक्त त्याआधी दोन दिवस ती धुऊ नका आणि त्या काचेला सिलिकॉन लावू नका.