‘दीड टनाचा एसी’ यातला टन कशाचा?

‘दीड टनाचा एसी’ असे आपण सर्रास म्हणतो, पण दोन माणसे जे यंत्र उचलून भिंतीवर चढवतात त्याला टनाचे माप का लावतात, आणि हा टन आतल्या गॅसचा तर नव्हे ना, असे एका वाचकाने विचारले आहे. गॅस जेमतेम किलोभर असतो. हा टन बर्फाचा आहे.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या ईशान्य भागातील गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ करवतीने कापून, लाकडाच्या भुशात झाकून, जहाजांनी उष्ण प्रदेशांत नेऊन विकला जाई. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ साली तो कोलकात्यापर्यंत पोचवला, आणि पुढे तो मुंबईतही उतरू लागला. त्याच शतकाच्या उत्तरार्धात शीतयंत्रे आली, तेव्हा बर्फ टनांवर विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाला साहजिकच एवढेच जाणून घ्यायचे होते, की हे यंत्र दिवसाला किती टन बर्फाचे काम करील. त्यातूनच हे माप रूढ झाले.

शून्य अंश सेल्सिअसचा एक टन बर्फ २४ तासांत पूर्ण वितळताना ज्या वेगाने उष्णता शोषतो, तो वेग म्हणजे ‘एक टन’. हा टन अमेरिकी, म्हणजे २००० पौंडांचा (सुमारे ९०७ किलो) आहे. एक पौंड बर्फ वितळायला १४४ बीटीयू (ब्रिटिश थर्मल युनिट, उष्णता मोजण्याचे एकक) उष्णता लागते, म्हणून दिवसाला २,८८,००० आणि तासाला १२,००० बीटीयू, म्हणजेच सुमारे ३.५ किलोवॉट. आधुनिक एसीचा जनक मानला जाणारा अमेरिकी अभियंता विलिस कॅरियर याने १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली, तिची क्षमताही दिवसाला १,०८,००० पौंड बर्फ वितळण्याइतकी, म्हणजे ५४ टन, सांगितली जाते. तिथे अडचण होती ती दमट हवेने कागद फुगून रंग सरकण्याची. आजही एसीच्या नळीतून जे पाणी ठिबकते, ते हवेतील बाष्पाचे असते आणि टनातला काही हिस्सा ते बाष्प गाळण्यातच खर्ची पडतो. मुंबई-कोकणात हा हिस्सा बराच मोठा असतो.

तेव्हा ‘पाच एचपीची मोटर’ म्हणताना आपण जसे घोडे मोजत नाही, तसाच हा टन. मात्र तो विजेच्या वापराचाही आकडा नव्हे. दीड टनाच्या यंत्रावरील पट्टीवर थंड करण्याची क्षमता ५००० वॉटच्या आसपास आणि विजेचा वापर दीड हजार वॉटच्या आसपास छापलेला दिसतो, यात विसंगती नाही. कारण यंत्र गारवा निर्माण करत नाही, खोलीतील उष्णता फक्त उचलून बाहेर टाकते.

आता व्याकरण. ‘दीड’नंतर मराठीत एकवचन येते, म्हणून ‘दीड टनाचा’ हेच बरोबर. ‘दोन’पासून पुढे मात्र लेखनात ‘दोन टनांचा’ असा अनुस्वार द्यावा. जाहिरातींत तो सहसा गळतो. औपचारिक मजकुरात ‘दीड टन क्षमतेचा’ असे लिहिल्यास वजनाचा घोळही होत नाही.