न्यूट्रॉनचं गणित शिकायला बसताना

अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनचं गणित शिकताना थेट मोंटे कार्लोला (एकेका न्यूट्रॉनचा प्रवास यादृच्छिक आकड्यांनी संगणकावर घडवण्याची पद्धत) हात घालू नकोस, हे कळकळीने सांगतो. आधी कागदावर एक साधी सपाट पट्टी घे, सगळे न्यूट्रॉन एकाच ऊर्जागटातले धरून डिफ्यूजन समीकरण (न्यूट्रॉन दाट जागेकडून विरळ जागेकडे पसरतात असं मानणारं) लिही आणि हाताने सोडव. फ्लक्सचा (न्यूट्रॉनची घनता गुणिले वेग) आकार कोसाइनचा येतो. मग तेच संगणकावर कर आणि कोष्ठकांची, म्हणजे पट्टीच्या हिशेबासाठी पाडलेल्या तुकड्यांची, रुंदी निम्मी करून बघ: चूक साधारण चौथाई व्हायला हवी. होत नसेल तर बहुतेक वेळा घोळ सीमेवर असतो. फ्लक्स पृष्ठभागापाशी शून्य होत नाही. बाहेर निर्वात असेल तर तो पृष्ठभागाच्या ट्रान्सपोर्ट मुक्तपथाच्या (दिशाबदल हिशेबात धरून न्यूट्रॉनचं दोन धडकांमधलं सरासरी अंतर) सुमारे ०.७१ पट पुढे शून्य धरायचा.

संगणकावर उत्तर फेऱ्याफेऱ्यांनी काढताना, म्हणजे पुनरावृत्तीत, गुणन गुणांक (एका पिढीतून पुढच्या पिढीत न्यूट्रॉन किती पट होतात तो आकडा) स्थिर झाला की नवखा माणूस थांबतो. मीही थांबायचो. पण गुणांक लवकर बसतो, फ्लक्सचा आकार मात्र मागे रेंगाळतो. अणुभट्टीच्या मोठ्या गाभ्यात (इंधन असलेल्या भागात) तर शेकडो फेऱ्या लागतात. म्हणून प्रत्येक कोष्ठकातला विखंडन-स्रोत (अणू फुटून जन्मणारे न्यूट्रॉन) दोन फेऱ्यांत किती बदलला, ते छापून बघ. मला ही सवय सगळ्यात मोलाची वाटते.

भट्टी आवरणाऱ्या नियंत्रण दांड्याजवळ, जिथे न्यूट्रॉनचं शोषण जबर असतं, तिथे डिफ्यूजनवर विसंबू नकोस. तिथे दिशांचा हिशेब ठेवणारं ट्रान्सपोर्ट समीकरणच हवं.

मोंटे कार्लो त्यानंतर. त्यात चूक निम्मी करायला चौपट न्यूट्रॉन सोडावे लागतात, आणि स्रोत स्थिरावेपर्यंतच्या सुरुवातीच्या फेऱ्या सरासरीत धरायच्या नाहीत.