आजी तुरुंगात नव्हती

प्रिय सानू,

टेक्सासमधल्या बास्ट्रॉपच्या पार्कातली दगडी घरं आपण आजीला व्हिडिओ कॉलवर दाखवली, तेव्हा ती म्हणाली, "बहात्तरला आम्हीबी खडी फोडायला जायचो." रात्री तू हळूच विचारलंस, आजी तुरुंगात होती का? नाही गं. दुष्काळी कामावर होती, पोटासाठी. आणि तुला आवडलेला तो पार्कसुद्धा अशाच कामातून उभा राहिलाय.

इथे अमेरिकेत १९३० च्या आसपासच्या महामंदीत लाखो लोक बेकार झाले. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी १९३३ मध्ये तरुण, बिनलग्नाच्या पोरांसाठी सीसीसी (सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर) नावाची, रानात आणि पार्कात काम देणारी योजना काढली. पगार महिना ३० डॉलर, त्यातले २५ परस्पर घरी जायचे. घरी पैसे पाठवणं ही काय आपलीच रीत नाही! बास्ट्रॉप या छोट्या गावाबाहेर त्या पोरांनी वाळूचा दगड घडवून केबिनी बांधल्या, लाकडी सामानही तिथेच बनवलं. २०११ च्या वणव्यात पार्कातलं जवळजवळ सगळं पाइनचं रान जळलं, पण ही बांधकामं वाचली.

आपल्याकडे १९७२ ला पावसानं दगा दिला. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं सरकारी कामांवर होती. सीसीसीत मुलींना घेतच नव्हते. आपल्याकडे बायाच बाया, तान्ही पोरं झाडाखाली झोळीत. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, आणि खडी. जेवढी फोडाल तेवढ्या मापाची मजुरी. खायला मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिच्या भाकरीला आजी अजून नावं ठेवते.

पार्कासारखं दाखवायला मात्र आजीकडे काही नाही. खडीचे कितीतरी ढीग रस्त्याकडेला तसेच पडून राहिले. पण विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी धरलेला आग्रह त्या काळात फळाला आला: गावातल्या माणसानं काम मागितलं की सरकारनं ते द्यायचंच. १९७७ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला, २००५ मध्ये देशभरासाठी तसाच एक. काम मागायला लाज वाटायची का, हाही तुझा प्रश्न होता. मला वाटतं, घरी बसून पोरांना उपाशी ठेवायची जास्त वाटली असती.

पुढच्या फोनवर आजीला एवढंच विचार, मुकादम मापात कसा मारायचा? मग तासभर तुला बोलायची पाळी येणार नाही.

तुझा,
बाबा