किल्ली फिरते, पण गाडी ओळख देत नाही

प्रश्न : माझ्याकडे २०१३ सालची, पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी आहे. दोन वर्षांपूर्वी ती मी चिपळुणातच जुनी विकत घेतली. गेल्या महिन्यापासून सकाळच्या वेळी, आणि पाऊस असेल तर हमखास, किल्ली फिरवल्यावर स्टार्टर नेहमीसारखा फिरतो, पण इंजिन सुरू होत नाही. कधी सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडते. त्या वेळी डॅशबोर्डवरचा गाडी आणि किल्लीचे चित्र असलेला दिवा लुकलुकत असतो. आठ-दहा वेळा प्रयत्न केल्यावर गाडी अचानक सुरू होते आणि मग दिवसभर त्रास देत नाही. बाजारात करून घेतलेल्या दुसऱ्या किल्लीने मात्र ती एकदाही सुरू झालेली नाही. ती किल्ली मी दार आणि डिकी उघडण्यापुरती वापरतो. गॅरेजमध्ये सांगितले की ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक) गेला आहे, तो बदला, नाहीतर इमोबिलायझर (अनोळखी किल्लीने इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) कायमचा बंद करून घ्या. दोन्हींचा खर्च मोठा आहे. काय करावे?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपण लक्षणे इतकी नीट टिपून पाठवली आहेत की निम्मे निदान आपल्या पत्रातच झाले आहे. ईसीएम बदलण्याची घाई कृपया करू नका. जी गाडी एकदा सुरू झाल्यावर दिवसभर सुरळीत चालते, तिचा इंजिन चालवणारा संगणक निकामी झाला असण्याची शक्यता फार कमी असते. दोष बहुधा त्या संगणकाच्या अलीकडे, म्हणजे किल्ली ओळखण्याच्या साखळीत आहे, आणि ती साखळी समजून घेतली तर शोध कोठून सुरू करायचा हे आपोआप ठरते.

आपल्या मूळ किल्लीच्या प्लास्टिकच्या मुठीत तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी एक चिप असते. तिला स्वतःची बॅटरी नसते. स्टिअरिंगखालच्या इग्निशन लॉकभोवती बारीक तांब्याच्या तारेची एक रिंग बसवलेली असते. किल्ली ‘ऑन’वर येताच ही रिंग साधारण १२५ किलोहर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र तयार करते, त्याच क्षेत्रातून चिपला क्षणभरापुरती वीज मिळते आणि ती आपली ओळख सांगते. गाडी विचारते, चिप उत्तर देते, उत्तर जुळले तरच ईसीएम पेट्रोलचा फवारा आणि ठिणगी यांना परवानगी देतो. अनेक गाड्यांत स्टार्टरची वाट अडवलेली नसते, फक्त इंधन आणि ठिणगी अडवलेली असते. म्हणूनच आपला स्टार्टर जोमाने फिरतो आणि इंजिन मात्र पेट घेत नाही, किंवा पेट घेऊन दोन सेकंदांत थांबते. किल्लीवरच्या रिमोटमध्ये जी लहान गोल बॅटरी असते तिचा या चिपशी संबंध नाही. ती संपली तर दारे रिमोटने उघडणार नाहीत, पण गाडी सुरू व्हायला हवी.

बाजारात केलेली दुसरी किल्ली का चालत नाही, याचे उत्तरही यातच आहे. त्या किल्लीचे दाते बरोबर कापलेले आहेत, म्हणून लॉक फिरते. पण तिच्यात चिप नाही, किंवा असली तरी गाडीच्या स्मृतीत तिची नोंद केलेली नाही. त्यामुळे ‘दुसरी किल्लीही चालली नाही, म्हणजे दोष किल्लीत नाही’ असा निष्कर्ष या किल्लीवरून काढता येत नाही. तो काढला गेला असेल तर सगळे निदान तिथेच चुकले आहे.

आता दिव्याकडे पाहू. दारे बंद करून गाडी उभी असताना हा दिवा संथपणे लुकलुकणे बऱ्याच गाड्यांत नेहमीचे असते, त्याची काळजी नको. किल्ली ‘ऑन’ केल्यावर तो काय करतो, हे महत्त्वाचे. दोन-तीन सेकंद लागून विझला तर किल्ली ओळखली गेली. लुकलुकत राहिला तर ओळखली गेली नाही, असा बहुतेक गाड्यांचा संकेत असतो. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत तो एकदा ताडून पाहा. यापुढे सकाळी स्टार्टर फिरवण्यापूर्वी किल्ली ‘ऑन’वर ठेवून पाच सेकंद थांबा आणि दिवा पाहा. दिवा नीट विझल्यावरही इंजिन सुरू झाले नाही, तर मात्र इमोबिलायझरचा नाद सोडून क्रँक सेन्सर, पेट्रोलचा पंप आणि स्पार्क प्लग यांच्याकडे वळावे लागेल. आपण लिहिले आहे की न सुरू होण्याच्या वेळीच दिवा लुकलुकतो, म्हणून तूर्त संशय ओळखीच्या साखळीवरच आहे.

सुरुवात बिनखर्चाच्या गोष्टींपासून करावी. किल्लीच्या जुडग्यातून इतर सगळ्या किल्ल्या काढून टाका, विशेषतः दुसऱ्या एखाद्या गाडीची चिप असलेली किल्ली, कारण दोन चिपा एकाच रिंगजवळ आल्या की उत्तरे एकमेकांत मिसळतात. काचेवरच्या फास्टॅगचा मात्र यात दोष नसतो. तो अगदी वेगळ्या, कितीतरी वरच्या लहरींवर काम करतो. मग मल्टिमीटरने बॅटरी तपासा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा यावा, १२.२ म्हणजे बॅटरी अर्धी उतरलेली, आणि स्टार्टर फिरताना आकडा ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी किंवा तिच्या टोकांची पकड कमकुवत आहे. स्टार्टर वीज ओढतो त्या क्षणी व्होल्टेज कोसळले, तर ओळखीचा संवाद अर्ध्यावर तुटू शकतो. आपल्या बाबतीत मला हा संशय कमी वाटतो, कारण बॅटरी अशक्त असती तर दर प्रयत्नागणिक ती अधिक थकली असती आणि दहाव्या प्रयत्नाला गाडी सुरू होण्याऐवजी स्टार्टरच मंदावला असता. तरीही पाच मिनिटांची तपासणी आहे, ती करून टाकावी.

यानंतर किल्ली. तिचे कव्हर कधी बदलले होते का, हे आधीच्या मालकांना विचारा. रस्त्यावरच्या दुकानात नवे कव्हर घालताना चिप जुन्या कव्हरातच राहिली किंवा नीट न बसवता सैल टाकली, असे प्रकार सर्रास घडतात. कव्हर सावकाश उघडून चिप जागेवर घट्ट आहे का, तिला तडा गेला आहे का, हे पाहता येते. मात्र ती हरवू नये म्हणून हे काम पांढऱ्या कापडावर करावे.

आपल्या पत्रातली सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे पाऊस. दमट हवेत दोष उमटतो आणि थोड्या खटपटीनंतर नाहीसा होतो, तेव्हा कुठेतरी जोड सैल आहे किंवा गंजला आहे असे मी धरून चालतो. पहिली जागा लॉकभोवतीच्या रिंगचा कनेक्टर. बॅटरीची ऋण तार सोडून काही मिनिटे थांबावे, मग स्टिअरिंगखालचे प्लास्टिकचे आवरण काढावे, कनेक्टर उघडून हिरवट गंज आहे का ते पाहावे, साफ करून घट्ट बसवावा. पुन्हा वीज जोडून किल्ली ‘ऑन’ ठेवावी आणि ती तार हलकेच हलवून पाहावी. हलवण्याबरोबर दिव्याचे वागणे बदलले तर दोष हाताला लागला. जवळच पिवळ्या आवरणाच्या तारा दिसतील. त्या एअरबॅगच्या असतात, त्यांना मुळीच हात लावू नये, आणि ही खात्री वाटत नसेल तर हे काम जाणकार इलेक्ट्रिशियनवर सोपवावे.

दुसरी जागा डॅशबोर्डखालचे बीसीएम, म्हणजे दिवे, दारे वगैरेंचा कारभार पाहणारे नियंत्रक, आणि त्याचे कनेक्टर. समोरच्या काचेखालच्या जाळीत पाने अडकली की पावसाचे पाणी आत झिरपते, एसीच्या पाण्याची नळी तुंबली तरी पायाशी ओल येते. आपली गाडी चिपळूणची असल्याने आणखी एक प्रश्न विचारणे भाग आहे : २२ जुलै २०२१ च्या महापुरात ही गाडी पाण्यात होती का? विकणाऱ्याने सांगितले नसेल तरी गाडी सांगते. पायाखालचे कार्पेट उचलून गाळाची रेघ दिसते का पाहा, सीटच्या रुळांवर आणि खालच्या बोल्टवर गंज आहे का पाहा. पुराचे पाणी कनेक्टरमध्ये शिरले की तांबे हळूहळू खात जाते आणि दोष काही वर्षांनीसुद्धा डोके वर काढतो. तसे असेल तर एकेक कनेक्टर साफ करून घेणे हाच उपाय आहे, आणि तो नव्या ईसीएमपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. याच वेळी फ्यूज आणि चासीला जोडलेल्या अर्थिंगच्या तारा तपासाव्यात. उंदरांनी तारा कुरतडल्या नाहीत ना, हेही पाहावे.

गाडीतले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावताना एक आग्रह धरा : दोष चालू असताना, म्हणजे दिवा लुकलुकत असतानाच तो लावला जावा, आणि निघालेले कोड कागदावर लिहून मागा. मोबाइलला जोडायचा स्वस्त स्कॅनर पुष्कळदा इमोबिलायझरपर्यंत पोहोचतच नाही, त्यासाठी वर्कशॉपचा स्कॅनर लागतो. पी ०५१३ हा कोड चुकीच्या किल्लीकडे बोट दाखवतो, पी ०६३३ म्हणजे ईसीएममध्ये किल्लीची नोंद नाही, तर यू ०१६७ म्हणजे इमोबिलायझरच्या मॉड्यूलशी संवाद तुटला. या तिन्हींपैकी कोणत्याही एका कोडवरून ‘ईसीएम गेला’ असा निष्कर्ष थेट निघत नाही. माझ्या एका नातेवाइकांच्या गाडीत असाच कोड पाहून एका वर्कशॉपने ईसीएम बदलला, आठवडाभराने गाडी पुन्हा अडली, आणि शेवटी दोष त्या रिंगच्या कनेक्टरमधल्या सैल पिनेत निघाला. गेलेले पैसे परत आले नाहीत.

हे सगळे करूनही दोष राहिला, तर पैसे खर्च करण्याची पहिली योग्य जागा म्हणजे चिपसह रीतसर नोंदवलेली दुसरी किल्ली. ती एरवीही हवीच. नव्या किल्लीने गाडी पावसातही सुरू झाली तर दोष जुन्या चिपचा. दोन्ही किल्ल्या सारख्याच अडल्या तर रिंग, तारा किंवा मॉड्यूल यांचा.

इमोबिलायझर कायमचा बंद करण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे : करू नये. ‘इमो ऑफ’ म्हणून जे विकले जाते त्यात ईसीएमच्या स्मृतीत फेरफार करून ओळखीची अटच काढून टाकतात. त्यानंतर आपली ती चिप नसलेली बाजारातली किल्ली गाडी सुरू करील, आणि तशी किल्ली कोणीही करून घेऊ शकतो. गाडी चोरीला गेल्यास विमा कंपनी या फेरफारावर आक्षेप घेऊ शकते, तेही ध्यानात घ्यावे. युरोपात ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा आहे, कॅनडात सप्टेंबर २००७ पासून. अमेरिकेत तशी सक्ती नव्हती. तिथे ह्युंदाई आणि किया यांच्या २०११ नंतरच्या अनेक साध्या किल्लीच्या गाड्या त्याविना विकल्या गेल्या, त्या चोरण्याची रीत समाजमाध्यमांवर पसरली आणि चोऱ्या इतक्या वाढल्या की २०२३ मध्ये कंपन्यांना लाखो गाड्यांसाठी मोफत सॉफ्टवेअर द्यावे लागले. त्याच कंपन्यांच्या कॅनडातल्या गाड्यांत इमोबिलायझर असल्याने ती रीत तिथे चालली नाही. सैल कनेक्टरपायी हे संरक्षण गमावणे योग्य नाही.

प्रश्न : आमच्या गाडीला बटण दाबून सुरू करण्याची सोय आहे. प्रवासात अचानक ‘किल्ली सापडत नाही’ असा संदेश आला. किल्ली माझ्या पर्समध्येच होती. अशा वेळी काय करावे?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : बहुधा किल्लीतली बॅटरी संपली आहे. ब्रेक, आणि हाताच्या गिअरची गाडी असेल तर क्लच, दाबून धरा, किल्ली थेट स्टार्टच्या बटणाला टेकवा आणि बटण दाबा. किल्लीतली चिप बॅटरीशिवायही ओळखली जाते. काही गाड्यांत किल्ली ठेवण्याची जागा बटणाऐवजी कन्सोलमध्ये किंवा स्टिअरिंगच्या दांड्याजवळ असते, ती पुस्तिकेत आजच पाहून ठेवा. दार उघडण्यासाठी धातूची किल्ली त्या रिमोटच्याच पोटात दडलेली असते. नवी बॅटरी, पुष्कळ किल्ल्यांत सीआर २०३२, घातल्याने किल्लीची नोंद पुसली जात नाही. बॅटरी नवी असूनही संदेश येत राहिला, तर पर्समध्ये किल्ली मोबाइलला चिकटून नाही ना, हे आधी पाहा.

प्रश्न : दोनपैकी एक किल्ली हरवली आहे. दुसरी व्यवस्थित चालते. नवी करणे आवश्यक आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : होय, आणि हातातली किल्ली चालते आहे तोवरच. एक नोंदलेली किल्ली असताना दुसरी जोडणे सोपे असते. दोन्ही गेल्या तर काही गाड्यांत मॉड्यूल बदलण्यापर्यंत पाळी येते. नोंद करताना हरवलेल्या किल्लीची नोंद पुसून घ्या आणि किल्लीबरोबर मिळालेला क्रमांकाचा बिल्ला गाडीत न ठेवता घरी ठेवा. हरवल्याची पोलिसांकडे नोंद करून तिची प्रत विम्याच्या कागदांत लावा, कारण चोरीचा दावा करताना विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते.