गच्चीवरच्या कुंडीत गाजर एकदा उगवलंच नाही, दुसऱ्यांदा फाटे फुटलेली गाजरं आली. काय चुकतंय?

पहिल्यांदा बी उगवलं नाही म्हणून दुसऱ्या खेपेला तुम्ही ट्रेमध्ये रोपं करून कुंडीत लावलीत, असं लिहिलंय. फाटे त्यामुळेच फुटले. गाजर म्हणजे त्या रोपाचं सोटमूळच. रोप काढताना त्याचं टोक दुखावलं की ते सरळ खाली जात नाही, फुटतं. वांगी-टोमॅटोसारखी गाजराची रोपं करायची नाहीत. जिथे पेरलं तिथेच वाढू द्यायचं.

उगवण मात्र जपून करून घ्यावी लागते. मुळा चार-पाच दिवसांत वर येतो, गाजराला 10 ते 20 दिवस लागतात. बी बारीक, त्यामुळे अर्धा-एक सेंटिमीटरपेक्षा खोल पेरता येत नाही, आणि गच्चीच्या उन्हात वरची तेवढी माती दुपारपर्यंत कोरडी पडते. फुगलेलं बी सुकलं की कोंब मेलाच. सकाळी पाणी घालून दिवसभर बाहेर जात असाल तर पहिल्या वेळी हेच झालं असणार.

मी पेरल्यावर वर ओलं गोणपाट अंथरते आणि झारीने त्याच्यावरूनच पाणी देते. सातव्या-आठव्या दिवसापासून रोज सकाळी गोणपाट उचलून बघायचं. हिरवा दोरा दिसला की त्याच संध्याकाळी काढून टाकायचं. एका वर्षी मी दोन दिवस उशीर केला, तर पिवळट कोंब तागाच्या विणीत अडकले आणि गोणपाटाबरोबर उपटून आले. फार वाईट वाटलं होतं. ओळीत मुळ्याचे चार दाणे टाकले तर आणखी बरं. ते आधी उगवतात, मातीवर धरलेली पपडी फोडतात आणि महिन्याभरात काढूनही होतात.

कुंडी निदान 30 सेंटिमीटर खोल घ्या आणि माती चाळून भरा, कारण खडा लागला तरी गाजर फाटतं. शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं. युरिया नको, नुसता पाला माजतो.

रोपं बोटभर झाली की विरळणी करा. जीवावर येतं, पण दोन रोपांत 5 ते 7 सेंटिमीटर अंतर ठेवाच. जादा रोपं उपटू नका, शेजारच्याची मुळं हलतात. कात्रीने बुडाशी कापा.

बी ताजं घ्या, जुन्या पाकिटातलं फारसं उगवत नाही. कुंडीसाठी मी नॅन्टीस निवडते; नारिंगी, बुटकं, बोथट टोकाचं. लाल पुसा केसर चवीला मला जास्त आवडतं, पण ते लांब जातं, त्याला वाफाच बरा. नॅन्टीस दसऱ्यानंतर, ऊन उतरलं की पेरा. साधारण तीन महिन्यांनी बुडाशी माती बोटाने सारून जाडी बघा. गाजराचा माथा उघडा पडला असेल तर लगेच मातीची भर द्या, नाहीतर तो हिरवा पडतो.